उतरलं का?

‘तू नक्की करतोस काय रे?’ हा प्रश्न मला घरातल्या प्रत्येक लग्नात विचारला जातो. मी तोंड उघडायच्या आत आई उत्तर देऊन टाकते, ‘तो कम्प्युटरमध्ये आहे.’ ऐकणाऱ्याचं समाधान होतं आणि पंगत पुढे सरकते. गंमत म्हणजे आईचं म्हणणं एका अर्थी अगदी बरोबर आहे. मी ज्या कम्प्युटरवर काम करतो, तो दुसऱ्या एका कम्प्युटरच्या आतच असतो. मागच्या महिन्यात मावसभावाने पुन्हा तेच विचारलं, तेव्हा ठरवलं की एकदाच सगळं नीट लिहून टाकायचं. त्यात आमच्या अण्णांच्या दुकानाचा आणि माझ्या एका मोठ्या चुकीचा भाग आहे. तो घरातल्या काही जणांनाच माहीत आहे, बाकीच्यांना आज कळेल.

आधी कामाचं सांगतो. लिनक्सचा जो गाभा, म्हणजे कर्नेल, त्यातला डिस्कवर फाइली मांडून ठेवणारा भाग म्हणजे फाइल सिस्टिम. तो बिघडला की दुरुस्त करायचा, ही माझी नोकरी. आता ज्या कर्नेलमध्ये आपण हात घातलाय तोच कर्नेल आपला कम्प्युटर चालवत असेल, तर पहिल्याच चुकीला सगळं आडवं होतं. कॉलेजात, नाशिकला, आम्ही चौघं एका खोलीत एकाच पीसीवर हे उद्योग करायचो. एकाने कर्नेल पाडला की बाकीचे तिघे डिस्कची तपासणी संपेपर्यंत खाली चहाला. त्या सेमिस्टरला चहाची उधारी फार झाली होती.

यावरचा उपाय म्हणजे आभासी यंत्र, व्हर्च्युअल मशीन. खऱ्या कम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला खोटा कम्प्युटर. त्याची मेमरी उसनी, आणि त्याची डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक भलीमोठी फाइल. आतल्या कर्नेलला यातलं काही कळत नाही, तो आपला खऱ्याखुऱ्या यंत्रावर असल्यासारखा संसार करत राहतो. जेफ डाइक यांनी १९९९ च्या सुमारास ‘यूजर मोड लिनक्स’ सुरू केलं, त्यात अख्खा कर्नेल एखाद्या साध्या प्रोग्रॅमसारखा चालवता यायचा. मग फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या २.६.२० कर्नेलमध्ये केव्हीएम आलं आणि आमच्यासारख्यांची चंगळ झाली. दिवसाला शंभर वेळा कर्नेल पाडा, शंभर वेळा उभा करा. चालता कर्नेल मध्येच थांबवून त्याच्या पोटात डोकावता येतं. त्यासाठीचं केजीडीबी नावाचं हत्यार अमित काळे यांनी कित्येक वर्षं मुख्य कर्नेलच्या बाहेर सांभाळलं, ते २००८ साली २.६.२६ मध्ये आत आलं. त्या कोडच्या माथ्यावर काळे हे आडनाव वाचून मला उगाचच अभिमान वाटला होता. आपण मराठी माणसं अशी असतो, असो.

कर्नेल पडतो तेव्हा पडद्यावर एक ओळ येते. ‘कर्नेल पॅनिक’, आणि लगेच पुढे ‘नॉट सिंकिंग’. नवीन होतो तेव्हा वाटायचं की काहीतरी जुळत नाहीये, म्हणून तसं म्हणतोय. त्याचा अर्थ वेगळा आहे. मेमरीत जे काही डिस्कवर जायचं राहिलंय ते मी आता लिहिणार नाही, असं तो सांगत असतो. माझंच डोकं ठिकाणावर नाही, मग मी लिहीन ते खरं कशावरून? अण्णांना एकदा मलेरिया झाला होता. दोन दिवस त्यांनी वहीला हात लावला नव्हता. ‘तापात आकडे चुकतात,’ म्हणाले. त्यामुळे मला ही ओळ दिसली की पॅनिकचं दुःख होतंच, पण कर्नेलबद्दल थोडा आदरही वाटतो.

आता दुकान. ज्यांनी पेठ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाशिकहून गुजरातकडे जाणारा रस्ता सावळघाट उतरून आमच्या गावात येतो, अंतर ५०-५५ किलोमीटर. तालुका आदिवासी, शेती भाताची, नागलीची, वरईची. पाऊस संपला, पिकं घरात आली की अर्धा तालुका दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातो. त्यामुळे अण्णांच्या किराणा दुकानाचा हिशोब महिन्यावर कधी चाललाच नाही. पावसाळ्यात उधारी चढायची, माणसं बागांतून परत आली की उतरायची. अशा दुकानाचा जीव गल्ल्यात नसतो, वहीत असतो.

वह्या दोन. दिवसभर जे जे जाईल ते घडेल त्या क्रमाने कच्च्या वहीत, म्हणजे रोजकीर्द. रात्री दुकान बंद झाल्यावर त्यातून एकेकाच्या खात्यावर उतरवायचं, ती खतावणी. दिवसाच्या नोंदी संपल्या की अण्णा बेरीज मांडून खाली दोन रेघा ओढत. रेघा ओढल्याशिवाय त्या दिवसाची खतावणी करायची नाही, हा नियम. खतावणी करताना वीज गेली, अर्धंच झालं, तरी फिकीर नाही. सकाळी कच्ची वही उघडायची आणि पुन्हा पहिल्यापासून उतरवायचं.

मी चौथी-पाचवीत असताना खतावणी लिहायचं काम माझ्याकडे असायचं. अण्णा कच्च्या वहीतून वाचत, मी लिहायचो. प्रत्येक नोंदीनंतर ते विचारत, ‘उतरलं का?’ मला झोप आलेली असायची, त्यामुळे मी लिहायच्या आधीच ‘हो’ म्हणून टाकायचो आणि मागून भराभर गाठायचो. एकदा दोन नोंदी मागे राहिलो आणि मधली गळलीच. दुसऱ्या दिवसापासून प्रश्नाला शेपूट लागलं, ‘उतरलं का? वाचून दाखव.’

पुढे कॉलेजात फाइल सिस्टिमचं जर्नल शिकवलं तेव्हा मी वर्गात एकटाच हसत होतो. एक्स्टथ्री ही फाइल सिस्टिम २००१ साली मुख्य कर्नेलमध्ये आली, ती हुबेहूब हेच करते. डिस्कच्या एका राखीव भागात आधी कच्ची नोंद, तिच्या शेवटी ‘कमिट’ची खूण, म्हणजे अण्णांच्या दोन रेघा, आणि मग सवडीने ती नोंद आपापल्या जागी. मध्येच यंत्र बंद पडलं तर उठल्यावर कच्ची वही वाचायची. रेघा असतील तो दिवस पुन्हा उतरवायचा, नसतील तर सोडून द्यायचा. जर्नल हा शब्दसुद्धा हिशोबवाल्यांचाच, कॉमर्सच्या पुस्तकात त्याला रोजकीर्दच म्हणतात.

यात एक मेख आहे. डिस्क स्वतः झोपाळू पोरासारखी असते. तिच्याजवळ थोडी मेमरी असते. आलेला मजकूर ती आधी तिथे ठेवते, ‘झालं’ म्हणते, आणि मागाहून सोयीच्या क्रमाने खरंखुरं लिहिते. क्रम बदलला आणि नेमकी वीज गेली तर? खाली दोन रेघा आहेत आणि वरचं पान कोरं! म्हणून रेघा ओढण्याआधी आणि नंतर कर्नेल डिस्कला एक आज्ञा पाठवतो, ‘फ्लश’. आतापर्यंतचं सगळं खरंच उतरव, आणि उतरल्यावरच हो म्हण. अण्णांचं ‘वाचून दाखव’ काही त्यात नाही, तेवढा वेळ कोणाकडेच नसतो. सगळा कारभार त्या एका ‘हो’च्या विश्वासावर.

आणि हा ‘हो’ किती ठिकाणी फसवतो! २००९ मध्ये, एक्स्टफोर नवीन असताना, यंत्र अचानक बंद पडल्यावर लोकांच्या सेटिंगच्या फाइली शून्य आकाराच्या सापडू लागल्या. एक्स्टथ्री साधारण दर ५ सेकंदांनी लिहून टाकायची, ही जास्त वेळ थांबायची. प्रोग्रॅमवाल्यांना वाटलेलं, लिहिलं म्हणजे उतरलं. टेड त्सो यांचं म्हणणं, तुम्ही फ्लश करायला सांगितलंच नव्हतं. दोन्ही बाजूंनी भरपूर भांडण झालं आणि शेवटी २.६.३० मध्ये नेहमीच्या प्रसंगांपुरती सांभाळून घेणारी तडजोड झाली. २०१८ मध्ये तर पोस्टग्रेसवाल्यांना कळलं की लिहिताना चूक झाली तर कर्नेल ती एकदाच सांगतो. पुन्हा विचारलं तर सगळं आलबेल म्हणतो, मजकूर मात्र गेलेला. त्यांनी उपाय असा केला की पहिल्या नकाराला डेटाबेसने स्वतःच बंद पडायचं आणि उठून कच्च्या वहीतून पुन्हा उतरवायचं.

आता माझी चूक. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागायच्या दोन दिवस आधी मी पुण्याहून पेठला आलो. पोटमाळ्यावर एका विशिष्ट कोपऱ्यात मोबाइलला रेंज यायची, ते माझं ऑफिस. काम संपल्यावर वेळच वेळ होता, म्हणून अण्णांचं दुकान ‘आधुनिक’ करायला घेतलं. दुकानातल्या जुन्या लॅपटॉपमध्ये एक आभासी यंत्र बसवलं, त्यात लिनक्स, त्यात खातेवहीचा छोटा प्रोग्रॅम. आभासी यंत्रच का? तर त्याची एकच फाइल असते, ती उचलून दुसरीकडे ठेवली की अख्खं दुकान सुरक्षित. माझा युक्तिवाद मला स्वतःलाच फार आवडला होता. अण्णा दोन महिने वही आणि लॅपटॉप दोन्ही चालवत होते. मग मीच मागे लागलो. ‘अण्णा, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?’ हे वाक्य मी खरंच बोललो. जुलैत त्यांनी कच्ची वही बंद केली.

जुलै म्हणजे आमच्याकडे आवणी. भाताची रोपं लावायची घाई, सगळा गाव चिखलात, आणि दुकानात तेल, साखर, चहा, बिड्या सगळं उधार. त्यातच एका दुपारी वीज गेली ती रात्रीपर्यंत आली नाही. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली होती, तो इन्व्हर्टरवर चालला होता. इन्व्हर्टरने साडेसातला मान टाकली. वीज आल्यावर यंत्र चालू केलं, तर आतल्या कर्नेलने फाइल सिस्टिम खराब असल्याचं सांगून हात वर केले. दुरुस्ती चालवली. तिने ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये बिननावाचे तुकडे काढून ठेवले आणि खात्यांचा डेटाबेस उघडायला नकार दिला. मी शेवटची प्रत काढली होती ११ दिवसांपूर्वी. आठवड्याची काढायची, असं ठरवणाराही मीच, विसरणाराही मीच.

रात्री दोनपर्यंत तुकडे चाळत होतो. काही नावं सापडली, आकडे नाहीत. आणि मग कारण सापडलं, तेव्हा घाम फुटला. अण्णांचं यंत्र मी शून्यातून बनवलं नव्हतं, माझ्या चाचणीच्या यंत्राची नक्कल केली होती. चाचण्या वेगाने व्हाव्यात म्हणून त्यात एक सोय चालू होती. आतल्या कर्नेलने फ्लश म्हटलं की बाहेरच्या सॉफ्टवेअरने काहीही न करता ‘हो’ म्हणायचं. क्यूइमूमध्ये या सोयीचं नाव प्रामाणिकपणे ‘अनसेफ’ असं ठेवलंय. चाचणीचं यंत्र मेलं तर रडायला कोणी नसतं, म्हणून तिथे चालतं. माझ्या बापाच्या उधारीच्या वहीला मी ती सोय लावून बसलो होतो. म्हणजे चौथीतला तो पोरगा मोठा होऊन अजून लिहायच्या आधीच ‘हो’ म्हणत होता.

सकाळी अण्णांना सांगितलं. ते रागावले नाहीत, हे जास्त वाईट होतं. ‘किती दिवसांचं गेलं?’ एवढंच विचारलं, आणि फळीवरून नवी वही काढून तारीख घातली.

इथे ऑफिसचं एक प्रकरण सांगायला हवं, कारण ते याच दिवशी सुटलं. एका ग्राहकाकडे वीज गेल्यानंतर काही आभासी यंत्रांच्या फाइल सिस्टिम खराब होत होत्या. सहा आठवडे आम्हाला ते घडवून दाखवता आलं नव्हतं. आम्ही आतला कर्नेल मुद्दाम पॅनिक करायचो, चालतं यंत्र एका फटक्यात मारून टाकायचो, हजारो वेळा. तपासावं तर प्रत्येक वेळी डिस्क स्वच्छ. पोटमाळ्यावर बसून अण्णांच्या लॅपटॉपचा विचार करताना लक्षात आलं की आमची वीज कधी जातच नव्हती. आतलं यंत्र मारलं तरी बाहेरचं जिवंत असतं. आतल्याने लिहायला दिलेलं सगळं बाहेरच्याच्या मेमरीत शाबूत असतं आणि ते सावकाश डिस्कवर उतरतं. फ्लश गाळला गेला तरी कळणार कसं? ऑफिसच्या तळघरात तर जनरेटर होता. खरी वीज जाण्याचा अनुभव आमच्या सगळ्या टीममध्ये फक्त पेठच्या दुकानाला होता.

मग घरात घर बांधलं. एका आभासी यंत्राच्या पोटात दुसरं. मारायचं ते बाहेरचं, म्हणजे त्याची मेमरी आतल्याच्या भरवशासकट नाहीशी होते, अगदी वीज गेल्यासारखी. चौथ्याच फटक्याला फाइल सिस्टिम फुटली. मला इतका आनंद झाला की आई वर बघायला आली.

चूक फाइल सिस्टिममध्ये नव्हतीच, तिच्या खाली आमच्याच कोडच्या एका थरात होती. फ्लशची आज्ञा पुष्कळदा एकटीच येते, तिच्यासोबत लिहायचा मजकूर नसतो. आमच्यापैकी कोणीतरी कधीतरी लिहून ठेवलं होतं की मजकूर शून्य असेल तर काम नाही, लगेच ‘झालं’ म्हणून परत पाठवा. पाकीट रिकामं म्हणून टपाल फेकून दिलं, आणि निरोप पाकिटावरच लिहिलेला होता. दुरुस्ती चार ओळींची झाली. सहा आठवडे आणि चार ओळी. आमच्या धंद्यात हे प्रमाण फारसं वाईट धरत नाहीत. टेक्सास विद्यापीठातल्या एका गटाने ‘क्रॅशमंकी’ नावाचं साधन बनवून २०१८ मध्ये नावाजलेल्या फाइल सिस्टिममध्ये अशा १० नव्या चुका दाखवल्या, आणि त्यातल्या बऱ्याच २०१४ पासून तिथे निवांत बसलेल्या होत्या.

ऑफिसातून शाबासकी आली. मी ती घरी सांगितली नाही. कारण खाली दुकानात वेगळंच चाललं होतं.

अण्णांनी सरळ मार्ग धरला होता. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, ‘पोराच्या मशीननं ११ दिवस खाल्ले. तुझं काय काय होतं, सांग.’ मी आत पोत्यामागे उभा राहून ऐकायचो. लाज वाटायची, पण पाय निघत नव्हता. लोक आकडे सांगत नव्हते, दिवस सांगत होते. एक म्हातारी आजी म्हणाली, नातजावई आला त्या दिवशी तेल जास्तीचं नेलं, पाऊस उघडला त्या दिवशी फक्त मीठ. एकाने बैल लंगडला त्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली आणि गूळ किती नेला ते बरोबर सांगितलं. बायका एकमेकींच्या नोंदी दुरुस्त करत होत्या, ‘तवा तू नव्हती, तुझी सून आली होती.’ मी माझ्या तुकड्यांतली नावं ताडून पाहिली, बहुतेक जुळली. एकाने मात्र आपण काहीच नेलं नसल्याचं सांगितलं. त्याचं नाव माझ्या तुकड्यात होतं. मी पोत्यामागून पुढे यायला लागलो, तर अण्णांनी न बघताच हाताने थांबवलं. तो गेल्यावर म्हणाले, ‘आकडा आहे का तुझ्याकडे?’ नव्हता. ‘मग?’

तीन आठवड्यांत बरंचसं भरून निघालं. सगळं नाही. किती बुडलं, ते अण्णांनी मला कधीच सांगितलं नाही, आणि विचारायचा मला हक्क नाही.

आजही दुकानात लॅपटॉप आहे. नवा, बॅटरीवाला. आभासी यंत्र काढून टाकलं, फ्लश खरा आहे, प्रत रोज रात्री आपोआप निघते. वीज जाण्याची परीक्षा मी स्वतः प्लग आणि बॅटरी काढून वीसेक वेळा घेतली. अण्णा तेव्हा शेजारी उभे राहून मजा बघत होते. कच्ची वही त्याच्या शेजारीच असते. मी आता तिच्याबद्दल काही बोलत नाही. रात्री आई वाचते, अण्णा जाड चष्मा लावून टाइप करतात, आणि विचारायचं काम आता आईकडे आलंय.

त्या जुलैच्या खतावणीत एक नोंद अजून शिसपेन्सिलीने आहे. एका गिऱ्हाइकाचं म्हणणं आपले ४५० रुपये झाले होते, अण्णांच्या आठवणीत ४००. दोघांनीही आपला आकडा सोडला नाही. तो ४५० द्यायला आला की अण्णा ५० परत करतात, आणि तो ते बरणीच्या झाकणावर ठेवून जातो. मागच्या वेळी गेलो तेव्हा मी अण्णांना म्हटलं, आता तरी पेनने पक्कं करून टाका. म्हणाले, ‘त्याचं आणि माझं एक होऊ दे, मग उतरवू.’